बारा घरचं पीठ

"अण्णा, हात काढा. कॅमेरा चालू आहे."

बाळगोंडा मगदूम, म्हणजे आमचे गिरणीवाले अण्णा, यांचा हात तेव्हा कोपरापर्यंत गव्हात होता. डोळे मिटलेले होते. मूठभर दाणे त्यांनी नाकाशी नेले, दोन दाताखाली फोडले आणि मग माझ्याकडे वळून पाहिलं. पूजेला बसलेल्या माणसाला मध्येच हाक मारली की तो बघतो तसं.

"हात घातल्याबिगर दळण कळत न्हाई, रुजुताताई."

"पण लोकांना तो हातच नकोय ना. आपण तसं लिहून दिलंय."

लिहून दिलं होतं हे खरं. विश्रामबागेतल्या त्या गिरणीच्या दारावर, दिलावरभाईंच्या टेम्पोवर आणि सांगलीतल्या तीनेकशे मोबाइलांवर एकच वाक्य होतं: 'पीठदूत. तुमच्या दळणाला तुमच्याशिवाय कुणाचाही हात नाही.' वाक्य माझं होतं आणि मला त्याचा भलताच अभिमान होता.

मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते. पुण्यातली नोकरी सोडून गावी परतले होते आणि घरातल्यांना सांगितलं होतं की दळणाचा धंदा करणार. वडील चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. माझा भागीदार निनाद पुण्यातच राहून कॉम्प्युटरचं आणि पैसे लावणाऱ्यांचं बघायचा. बाकी सगळं साधं होतं. तुम्ही मोबाइलवर बटण दाबायचं, दिलावरभाई टेम्पो घेऊन दारात येणार, झाकण घट्ट बसणाऱ्या आमच्या पांढऱ्या डब्यात तुमच्यासमोर गहू ओतून घेणार, डब्याला बारकोड चिकटवणार. दुपारपर्यंत त्याच डब्यात पीठ घरपोच. गिरणीतल्या कॅमेऱ्यातून तुमचं दळण आणि डबा कुठं आहे हे तुम्हाला मोबाइलवर दिसत राहणार, आधी लाल ठिपका आणि पीठ पोचलं की हिरवा.

गिरणी अण्णांची, बत्तीस वर्षांची. पहिल्याच दिवशी त्यांनी मला भिंतीवर टांगलेली एक वेताची टोपली दाखवली होती. धान्यात हाताला जे लागेल ते तिच्यात ठेवायचं आणि ज्याचं त्याला परत करायचं. बिब्बे, कडुलिंबाचा पाला, बोरिक पावडरची पुरचुंडी, कपाटाच्या किल्ल्या. एकदा खणभागातल्या एका बाईनं दिराच्या भीतीनं गव्हात लपवलेली सोन्याची चेन. बाई विसरून गेली होती, अण्णांचा हात विसरला नाही.

"बायामाणसं धान्यात काय काय ठेवतेत म्हणून सांगू! आन काढायला कुणाला ध्यान ऱ्हातंय? त्यांना ठावं असतंय, अण्णा काढतोय."

मला ते ऐकायला फार गोड वाटलं होतं. मग काही महिन्यांनी मी त्यांना रबरी हातमोजे दिले, तोंडाला मास्क दिला आणि गिरणीच्या तोंडावर बंद नळी बसवून घेतली. डबा नळीला लावायचा, खटका ओढायचा, धान्य थेट आत. कुणाचं बोटही लागायला नको.

त्या सकाळी मात्र त्यांनी पहिल्याच डब्याला मोजा काढून हात घातला होता, म्हणून मी ओरडले. मार्गशीर्ष होता, हवेत चांगलाच गारठा होता. बारा डबे आले होते, सगळे गव्हाचे. गव्हावर गहू आणि ज्वारीवर ज्वारी दळायची, हा अण्णांचा नियम तेवढा मी मोडला नव्हता.

अण्णांनी निमूटपणे मोजा चढवला, मास्क वर ओढला आणि मास्कच्या आतून म्हणाले, "आंधळं दळतंय आन कुत्रं पीठ खातंय, तशी गत हुईल एक दिवस."

मी हसले. कुणाला आंधळं म्हणाले आणि कुणाला कुत्रं, ते मी विचारलं नाही.

एक वाजता बारावा डबा संपला. गिरणी थांबली की अण्णा लाकडी हातोडीनं तिला चहूबाजूंनी ठोकायचे, मग दगड उचलून कुंच्यानं खोबणी झाडायचे. आत अडकून राहिलेलं पीठ खाली पडायचं, रोज किलो-दीड किलो तरी निघायचं. ते गिरणीवाल्याचं. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हक्क. अण्णा त्याला 'बारा घरचं पीठ' म्हणायचे, मग घरं सात असोत नाहीतर वीस. त्या दिवशी ती खरोखरच बारा होती.

हे पीठ टाकून द्यावं, असं मी आमच्या करारात घातलं होतं. अण्णांनी ते वाक्य दोनदा वाचलं आणि शांतपणे म्हणाले, "मग गिरणीच बंद करा की." मी वाक्य खोडलं. खिडकीशेजारच्या खिळ्याला त्यांचा कडीचा पितळी डबा लटकलेला असायचा, त्यात ते पीठ जायचं. त्या डब्याला मी बारकोड लावला नाही. तो आमच्या हिशेबातच नव्हता.

दोन वाजता पद्माक्का आल्या, अण्णांची बायको. रोज यायच्या, नवऱ्याचं जेवण घेऊन. जाताना पितळी डबा घेऊन जायच्या. त्या दिवशी कानाला मफलर गुंडाळला होता, डोळे लाल झाले होते.

"अक्का, बरं नाही का?"

"सर्दी वो. चार दिस झालं. नाक गच्च. कशाचा वास न्हाई, कशाला चव न्हाई." मग अण्णांकडे बघून म्हणाल्या, "तुमचं तोंड का उतारलंय?"

"डोकं जड झालंय," अण्णा म्हणाले. "मळमळाय लागलंय जरा. ह्या मुसक्यानं."

"मास्कची सवय होईल," मी माझ्या मास्कआडून म्हणाले.

"आज दिस बुडायच्या आत या म्हणजे झालं," पद्माक्का म्हणाल्या. "काल दोघंबी उपाशी ऱ्हायलो."

मगदूमांचं घर जैन. सूर्य मावळल्यावर तोंडात काही घालायचं नाही. आणि अक्कांचा स्वतःचा आणखी एक नेम होता, अण्णांच्या आधी जेवायचं नाही. अण्णांना उशीर झाला आणि दिवस बुडाला, की दोघंही पाणीसुद्धा न पिता झोपायची.

"अक्का, हे कुठल्या काळातलं? तुम्ही आपलं जेवून घेत जा," मी चेष्टेनं म्हणाले.

"आमच्याच काळातलं," त्या हसल्या. पितळी डबा पदराखाली घेतला आणि गेल्या.

चार वाजून दहा मिनिटांनी मदतीचा फोन वाजला. ग्राहकांसाठी आम्ही एक नंबर ठेवला होता. त्यावरचं सगळं बोलणं आपोआप रेकॉर्ड व्हायचं आणि तो बहुतेक वेळा मीच उचलायची. पलीकडे अवंती ताम्हनकर म्हणून एक नवीन लग्न झालेली मुलगी होती.

"तुमच्या पिठाला लसणाचा वास येतोय. उग्र. डबा उघडला आणि डोकंच भणभणलं."

मी नेहमीच्या गोड आवाजात माफी मागितली, पैसे परत करते म्हणाले, फोन ठेवला आणि अण्णांना हाक मारली. ते पोत्यांवर आडवे झाले होते.

"अण्णा, सकाळी कुणी लसूण-बिसूण दळून घेतलं का?"

"गव्हावर गहू चाललं हुतं की. लसूण कुठला?"

आणि मग ते उठून बसले. मास्क ओढून काढला, मोजे काढून फेकले आणि जवळजवळ धावतच गिरणीपाशी गेले. नळीच्या तोंडाशी नाक नेलं. वळले तेव्हा त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता असा झाला होता.

"किती डबे घरी पोचले?"

"बाराही."

"समदे परत आणा. आत्ताच्या आत्ता. कुणाला कणीक मळू दिऊ नका."

"काय झालंय?"

"गोळी दळलीया." त्यांनी खोबणीतून बोट फिरवून दाखवलं. बोटाला करड्या रंगाची भुकटी लागली होती. "गव्हाला किडा लागू नये म्हणून फडक्यात बांधून ठेवतेत ती. इखारी अस्ती. उघडली की लसणावानी वास सुटतोय. पाणी लागलं की आणखी जागी हुती. प्वाटात गेली की माणूस ऱ्हात न्हाई, ताई."

 खरं सांगते, पहिला फोन मी निनादला लावला.

"शांत हो," निनाद म्हणाला. "आधी कुणापुढेही विष हा शब्द काढू नकोस. 'गुणवत्तेच्या कारणास्तव पीठ परत घेत आहोत.' बास. आणि स्क्रीन बघ. आपल्याकडे सगळं आहे. कुठला डबा कितव्या नंबरला दळला, कुठं गेला, सगळं."

ते मात्र होतं. दोन मिनिटांत बारा ठिपके माझ्यासमोर आले. सगळे हिरवे होते, मी ते पुन्हा लाल केले; डबा टेम्पोत परत आला की हिरवा. दिलावरभाई टेम्पो सुरू करून उभेच होते. अण्णा त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

"तुमचा फोन घ्या," मी ओरडले. गिरणीत फोन चालणार नाही हाही माझाच नियम, त्यामुळे त्यांचा फोन खणात बंद होता.

"दिलावरचा हाय की!" टेम्पो निघालाही.

मी एकेकाला फोन लावत सुटले. ताम्हनकरांचा डबा पाचवा होता, म्हणजे गोळी तिथं किंवा त्याच्या आधी. चौथा डबा घोरपडे बाईंचा, निवृत्त शिक्षिका. त्यांना विचारलं, "बाई, गव्हात काही ठेवलं होतं का?"

"हो, पुरचुंडी असते ना. आमचे बंधू गावाकडून वर्षाचा गहू पाठवतात, त्यात ते गोळ्या घालतात. अण्णा दरवेळी काढून ठेवतात."

"पण बाई, तुम्ही सांगायला हवं होतं."

"अहो, दरवेळी सांगते. तुमच्या त्या मोबाइलमधे लिहिते, 'पुरचुंडी काढून दळणे'. या खेपेला लिहायची चौकटच सापडेना. नुसती तीन बटणं, बारीक, मध्यम, जाड. म्हटलं जाऊ दे, अण्णांना ठाऊक आहे." मग त्यांचा आवाज बदलला. "का हो? काढली नाही का?"

ती चौकट बारा दिवसांपूर्वी मी काढली होती. लोक तिच्यात काय वाटेल ते लिहायचे. 'मागच्या वेळी चपात्या वातड झाल्या.' 'दिलावरभाईंना चहा घेऊनच जा म्हणावं.' कोण वाचत बसणार? निनाद म्हणाला तीन बटणं ठेवू, मी ठेवली. जुन्या नोंदी उघडल्या तर घोरपडे बाईंचं तेच वाक्य सहा वेळा होतं. सहाही वेळा मी ते वाचलं नव्हतं, कारण अण्णांच्या हाताला ते वाचायची गरजच नव्हती. मी आधी हात काढला आणि मग चौकट काढली.

पण तेव्हा रडायलाही वेळ नव्हता. ठिपके हिरवे व्हायला लागले होते. चौथा, पाचवा, नववा. दिलावरभाई गल्लीबोळांतून टेम्पो कसा काढत होते देव जाणे. मी फोनवर गोड आवाजात तेच वाक्य म्हणत होते, गुणवत्तेच्या कारणास्तव, गुणवत्तेच्या कारणास्तव. सातव्या डब्याची बाई ऐकेना.

"अहो, माझी कणीक मळून झालीय. पोरं क्लासवरून आलीत, भुकेली आहेत. सात वाजता या आणि न्या उरलेलं."

"ताई, ती कणीक टाकून द्या."

"टाकून काय द्या? तुमच्या गुणवत्तेसाठी मी पोरांना उपाशी ठेवू?"

"ताई, त्यात औषध पडलंय!" मी किंचाळले. "किड्यांचं औषध! खिडक्या उघडा आणि पोरांना घेऊन बाहेर पडा!"

पलीकडे काहीतरी जोरात आपटलं आणि फोन बंद झाला. पुढची अकरा मिनिटं मी त्या एका ठिपक्याकडे बघत बसले. तो हिरवा झाला तेव्हा लक्षात आलं की मी दातांत ओढणीचं टोक धरून ठेवलंय.

साडेपाच वाजून गेले होते. नऊ हिरवे, तीन लाल. त्या तीनांतला एक फोन उचलत नव्हता. मी एका कानाला माझा मोबाइल लावून त्यालाच रिंग देत होते, आणि तेवढ्यात मदतीचा फोन वाजला.

"बाई, आमचं हे फोन उचलंनात." पद्माक्का होत्या. आवाज सर्दीनं घोगरा झाला होता. "म्हणून ह्या नंबरावर केला. हायत का तिथं?"

"अण्णा बाहेर गेलेत अक्का, दिलावरभाईंबरोबर. पोचवायचं काम आहे."

"आता गं बया. दिस बुडाय आला की. कवा येतील?"

"उशीर होईल."

"बरं. मग मी थांबते. ऱ्हातो उपाशी दोघं, काय बिघडत न्हाई."

माझ्या दुसऱ्या कानात रिंग वाजत होती. स्क्रीनवर टेम्पोचं चिन्ह दहाव्या घराच्या गल्लीत वळत होतं. ही बाई फोन ठेवत का नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

"नका थांबू अक्का. तुम्ही आधीच आजारी. औषधं घ्यायची असतील ना? जेवून घ्या."

"चपात्या तर झाल्यात. पर त्यांच्याआधी कसं जेवू?"

आणि मग, त्यांना फोन ठेवायला लावावं म्हणून, ग्राहकांशी रोज दहा वेळा बोलायची तसल्याच सहज, गोड आवाजात मी म्हणाले, "अण्णांनीच सांगितलंय. अक्कांना म्हणावं वाट बघू नको, जेवून घे."



"त्यांनी सांगितलंय?"

"हो."

"असं कधी म्हणत न्हाईत." त्या किंचित हसल्या असाव्यात. "बरं. त्यांनीच म्हटलंय तर जेवते. त्यांना काय तरी खायला घाला वो, दिस बुडायच्या आत."

"घालते," मी म्हणाले.

तेवढ्यात माझ्या दुसऱ्या कानात फोन उचलला गेला. अकराव्या डब्याचा माणूस होता. मी त्याच्याशी बोलायला लागले.

सहा वाजून तीन मिनिटांनी सूर्य मावळला. सहा वाजून नऊ मिनिटांनी बारावा ठिपका हिरवा झाला. कुणीही एक घास खाल्ला नव्हता. मी टेबलावर डोकं टेकून हुंदके देऊन रडले. आनंदानंच, त्यात खोटं काही नव्हतं. निनाद फोनवर ओरडत होता, "दोन तासांच्या आत बारा घरं! कुठल्या गिरणीला जमलं असतं हे? ऋजुता, उद्या लोक आपल्याला डोक्यावर घेतील."

टेम्पो परत आला. अण्णा खाली उतरले ते पायरीचा आधार घेत. डोक्यापासून पायापर्यंत पांढरे झाले होते. बाराही डबे त्यांनी स्वतःच्या हातानं ओट्यावर ओळीनं मांडले आणि मोजले.

"वाचलो," ते म्हणाले. मग त्यांनी खिडकीशेजारच्या खिळ्याकडे पाहिलं. खिळा रिकामा होता. "चला, आता तेवढं एक ऱ्हायलंय. घरी जाऊन पितळी डबा मोरीत रिकामा करतो."

मला त्या क्षणापर्यंत तो डबा आठवला नव्हता. शपथेवर सांगते, आठवला नव्हता.

"चला, मी सोडते," मी म्हणाले. मला माझाच आवाज लांबून आल्यासारखा वाटला.

स्कूटरवर ते माझ्या मागे बसले. मी इतक्या जोरात काढली की त्यांनी माझा खांदा धरला.

"हळू, हळू. एवढी घाई नगं, ताई. ती थांबतीया."

मी वेग कमी केला नाही.

"मला मघाशीच आठवलं हुतं बगा, आठव्या डब्यापाशी. दिलावर म्हटला, अण्णा, घरी फोन लावू का? म्हटलं, नगं. सर्दीनं बेजार हाय, उगं घाबरंल. आन आधी घराकडं टेम्पो वळवला असता तर पंधरा मिन्टं गेली असती. लोकांची पोरंबाळं जेवाय बसायची येळ. आमच्या घरची काळजी न्हाई. मी गेल्याबिगर ती घास उचलत न्हाई. बत्तीस वर्सं झाली."

सिग्नल लाल होता. मी तो तोडला.

"आज आणखी एक उपास घडला बिचारीला," ते मागून म्हणाले.

दार नुसतं लोटलेलं होतं. स्वयंपाकघरात दिवा चालू होता. दोन पाट मांडलेले होते. एका पाटापुढं ताट वाढलेलं होतं, वर दुसरं ताट झाकलेलं. दुसऱ्या पाटापुढचं ताट घासून, धुऊन, भिंतीला टेकवून ठेवलं होतं. ओट्यावर पितळी डबा उघडा होता. अण्णा त्या धुतलेल्या ताटाकडे बघत राहिले. मोरीतून कण्हण्याचा आवाज आला तेव्हाही त्यांना तिकडे जायला दोन क्षण जास्त लागले.

पद्माक्का तीन दिवस होत्या. मिरजेतल्या मोठ्या डॉक्टरांनी पहिल्याच रात्री मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की या गोळीवर उतारा नाही. गोळीचा चुरा दगडाच्या खोबणीत साठून राहिला होता, त्यामुळे बाराही डब्यांत मिळून गेला त्याहून जास्त त्या एका पितळी डब्यात होता. अक्का फारसं बोलल्या नाहीत. घसा भाजला होता. एकदा त्यांनी मला पाहिलं आणि हात थोडा उचलला. त्यांना काहीतरी सांगायचं होतं किंवा विचारायचं होतं. मी नर्सला बोलावते म्हणून बाहेर निघून गेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला त्या गेल्या. अण्णा व्हरांड्यातल्या बाकावर बसले होते. मी शेजारी जाऊन बसले. 

"रुजुताताई, एक विचारू?"

"विचारा ना."

"तिचा फोन आल्ता का, त्या दिवशी?"

मी त्यांच्या हातांकडे पाहिलं. नखांत अजून पीठ होतं. मी सांगायला तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं.

"नाही," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली.

"मग कशी जेवली ती?" ते स्वतःशीच म्हणाले. "माझी वाट का बघितली न्हाई?"

चौकशी झाली. पोलीस आले, गिरणी महिनाभर बंद राहिली, अपघाती मृत्यूची नोंद झाली. घोरपडे बाई चौकशीला स्वतःहून आल्या आणि पुरचुंडी माझीच म्हणून लिहून दिलं. निनादनं 'पीठदूत' चार महिन्यांनी दुसऱ्या कुणाला विकलं. बारा घरं दोन तासांत वाचवल्याची गोष्ट तो अजून भाषणांत सांगतो, तेराव्या घराचं नाव न घेता. मी सांगलीतच एका कारखान्यात नोकरी धरली. पोलिसांनी मदतीच्या फोनचं रेकॉर्डिंग मागितलं तेव्हा मी त्यांना ग्राहकांचे कॉल दिले. पद्माक्का ग्राहक नव्हत्या. तो एक कॉल मी दिला नाही आणि पुसलाही नाही. एक मिनिट चाळीस सेकंदांचा आहे. नऊ वर्षांत चार मोबाइल बदलले, दरवेळी तो नव्यात आधी घेते. त्यात त्या म्हणतात, 'मग मी थांबते.' त्यात त्या म्हणतात, 'त्यांच्याआधी कसं जेवू?' अण्णांना जन्मभर जे हवंय ते सगळं त्यात आहे, त्यांच्याच बायकोच्या आवाजात. आणि पुढं माझाही आवाज आहे, म्हणून मी तो त्यांना ऐकवत नाही. मला याची लाज वाटते. लाज वाटून काही होत नाही, हेही नऊ वर्षांत कळलंय.

अण्णांची गिरणी अजून चालते. बंद नळी त्यांनी पहिल्याच दिवशी उपटून टाकली. मी माझं दळण तिथंच नेते, स्वतः, हातानं. परवाही गेले होते. आता ते थकलेत, दिसतंही कमी. पण डबा ओट्यावर ठेवला की बाही मागे सारतात आणि हात कोपरापर्यंत आत जातो. तळापर्यंत चाचपतात. खिडकीशेजारी तो खिळा अजून आहे, त्यावर काही लटकवत नाहीत. झाडलेलं पीठ आता उकिरड्यावर जातं.

परवा त्यांचा हात माझ्या गव्हात असतानाच ते थांबले.

"ताई, तिचा फोन न्हाईच आल्ता न्हवं?"

दर खेपेला विचारतात. आपण विचारलंय हे विसरून नाही, चांगलं आठवत असून विचारतात. माझा मोबाइल पर्समध्ये होता, पर्स ओट्यावर, त्यांच्या कोपरापासून वीतभर अंतरावर.

"नाही, अण्णा."

 त्यांनी हात बाहेर काढला, दाणे झटकले आणि डबा उचलला.

"गहू चांगला हाय," ते म्हणाले. "बारीक करू का मध्यम?"

"मध्यम," मी म्हणाले.